बिबा मी लावला, मार तिने खाल्ला

"जो आजार झाला असं तुला वाटत होतं, तो तुला झालेलाच नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "आणि जो झालाय, तो तू स्वतःच्या हाताने केलास."

गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात पडद्याआड मी उताणा पडलो होतो. कमरेखाली आग होती. लघवीच्या वाटेत नळी होती. डावा डोळा सुजून बंद झाला होता, आणि तो आजाराने नव्हे, माझ्या सख्ख्या भावाच्या मुठीने. वडशात त्याच दिवशी एका बाईच्या ओठाला टाके पडले होते. तेही माझ्यामुळे. ते मला अजून कळायचं होतं.

मी सव्वीस वर्षांचा आहे. वडशाला आमचा छोटा छापखाना आहे. बाबा होते तेव्हा तेंदूपत्ता मजुरांच्या मोर्चांची पत्रकं तिथे निघायची. पत्रकाखाली नाव नसलं तर बाबा ते छापत नसत; निनावी कागदाला ते अफवा म्हणायचे. बाबा गेल्यावर छापखाना मी चालवतो. हिवाळ्यात नाटक कंपन्यांची हँडबिलं छापतो आणि दिवसा ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव नाटकाची हाक देतो.

दिवाळीनंतर एका सकाळी आंघोळ करताना मला ते दिसले. शिश्नाच्या टोकाच्या कडेने, ओळीत बसवल्यासारखे बारीक पांढुरके पुरळ. तांदळाच्या कणीएवढे. दुखत नव्हते, खाजत नव्हते. मोबाईलवर शोधलं तर गुप्तरोगांचे असे फोटो आले की मी मोबाईल उपडा ठेवला.

'दवाखाना तुमचा हक्क आहे' हे पत्रक मीच लिहिलेलं. हजार प्रती वाटलेल्या. तो हक्क घेऊन मी वडशाच्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठीच्या खिडकीपाशी गेलो. मागे रांगेत आमच्या आळीतला एक काका. खिडकीतून मोठ्याने विचारणा झाली, "काय होते?"

मी म्हणालो, "सर्दी."

सर्दीच्या गोळ्या घेऊन घरी आलो आणि बिबा काढला.

बिबा म्हणजे आमच्या जंगलातलं काळं फळ. धानाच्या रोवणीच्या चिखलाने पायाला भेगा पडल्या, की बिब्याला सुई टोचायची, दिव्यावर धरायचा आणि तेलाचा थेंब भेगेत सोडायचा. भाऊ दरवर्षी करतो. पायाची जाड कातडी ते सोसते. मी तोच थेंब तिथे सोडला, एका बाजूच्या पुरळांवर. जळेल, मरेल, सुटेन, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या सकाळी बिबा उतला. उतला म्हणजे अंगावर उलटला. फोड आले, फुटले, कातडी काळी पडून सोलायला लागली. सूज जांघेपर्यंत चढली. दुपारी लघवी बंद झाली. मी उशी दातांत धरून ओरडत होतो. भावाने लाथ मारून दार उघडलं आणि चादर ओढली.

सुधाकरभाऊ माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याने पाहिलं आणि पहिला ठोसा डोळ्यावर घातला.

"कोनापासून आनलं रे हे? बोल!"

मी बोललो नाही. त्याने गळा धरून डोकं भिंतीवर आपटलं.

"त्या नाटकवाल्या रंजनीपासून ना? दिवसभर तिच्याशी चाय पित राह्यतं. तिच्यापासूनच ना?"

रंजनाबाई एका कंपनीत नायिकेचं काम करतात. हँडबिलातल्या माझ्या चुका काढायला छापखान्यात येतात आणि चहा पितात. त्यापलीकडे काही नव्हतं. 'नाही' हा एक शब्द पुरला असता. पण नाही म्हटलं असतं, तर सुई, दिवा, बिबा, सगळं सांगावं लागलं असतं. त्याहून घाण गोष्ट आज लिहितो: स्वतःला जाळून घेणारा मूर्ख दिसण्यापेक्षा बाईच्या नादाने बिघडलेला पुरुष दिसणं मला त्या क्षणी बरं वाटलं. मी मान खाली घातली. आमच्याकडे त्याचा अर्थ होकार.

भावाने मला शेजाऱ्याच्या जीपमध्ये टाकून गडचिरोलीला पाठवलं. आणि तो बांबूची काठी घेऊन रंजनाबाईंच्या खोलीवर गेला.

दवाखान्यातले दिवस सांगतो, कारण कुणावर तरी ही वेळ येईल. पहिल्या दिवशी कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी नळी. दुखतं, पण नंतर जी सुटका वाटते तिला तोड नाही. रक्त-लघवीच्या तपासण्या झाल्या, कारण बिब्याचं विष मूत्रपिंडाला इजा करू शकतं. व्हीडीआरएल म्हणजे गरमीच्या रोगाची तपासणी आणि एचआयव्हीची तपासणी, दोन्ही मला विचारून केल्या. रोज ड्रेसिंग. चिकटलेली पट्टी निघताना मी पलंगाची दांडी धरून शिव्या द्यायचो. सिस्टर म्हणायची, "दे बाबा, आणखी दे. पण हालू नको."

बिबा लागला नव्हता त्या बाजूचे पुरळ डॉक्टर बाईंनी टॉर्च लावून पाहिले. "याला पर्ली पेनाइल पॅप्यूल्स म्हणतात," त्या म्हणाल्या. म्हणजे मोत्यासारखे बारीक दाणे. अनेक तरुणांना असतात. संसर्ग नाही, संबंधातून येत नाहीत, औषध लागत नाही. "तुला झालाय तो केमिकल बर्न, रसायनाने भाजणं. वॉर्ट्स म्हणजे संसर्गाचे चामखीळ असते, तरी त्यावर इथे उपचार होता. घरी भाजायचं नसतंच. पँट खाली, टॉर्च, दोन मिनिटं. एवढंच काम होतं रे."

तपासण्या निर्दोष आल्या. पाचव्या दिवशी भाऊ डबा घेऊन आला. गादीवर टेकून हळू आवाजात म्हणाला, "तिले असा धडा शिकवला का आता वडशाचं नाव नाई घेत. दोन दात पाडले. पेटी रस्त्यावर फेकली. कोनी मधात नाई आलं."

मी डबा त्याच्या छातीवर फेकला. वरण त्याच्या शर्टावरून ओघळत होतं आणि मी सगळं सांगत होतो. सुई, दिवा, बिबा. बाजूच्या खाटा ऐकत होत्या.

भावाने शर्टावरचं वरण हाताने पुसलं. मग म्हणाला, "मंग तू बोलला काऊन नाई?"

मारणारा तो होता. पण मान खाली घालणारा मी होतो.

बाराव्या दिवशी सुटी मिळाली. पाय फाकवून चालत मी थेट रंजनाबाईंच्या खोलीवर गेलो. हातात पत्रकाचा मजकूर होता: 'रंजनाबाई निर्दोष आहेत. त्यांना कोणताही आजार नाही.'

त्यांच्या ओठावर टाक्यांच्या खुणांची काळी ओळ होती. त्यांनी वाचलं.

"मले आजार नाई हे तुले कोनी सांगितलं? माही तपासणी केली का तू?"

"नाई बाई, पण..."

"अन् असता तं? तं मार बराबर होता का?"

मी गप्प. पुन्हा गप्प.

"पाहा, आताबी मुकाच आहेस," त्या म्हणाल्या. "कंपनी मले आता म्हातारीचं काम देऊन राह्यली. दात नाई म्हनून मेकअपचा खर्च वाचला म्हनते." कागद फाडून त्यांनी माझ्या खिशात कोंबला. "माहं नको लिवू. तुहं लिव."

आधी मी पोलीस ठाण्यात गेलो. रंजनाबाईंची तक्रार तिथे पडून होती, साक्षीला कुणी तयार नव्हतं. भावाने माझ्याजवळ जे कबूल केलं ते मी सांगितलं आणि सही केली. त्या दिवसापासून भाऊ माझ्याशी बोलत नाही. केस चालू आहे.

मग आठवडी बाजाराच्या दिवशी ऑटोवर भोंगा बांधला. नेहमीच्या चालीत हाक दिली, 'ऐका हो ऐका', आणि लोक नाटकाचं नाव ऐकायला थांबले. मी वाचलं: माझ्या लिंगावर दाणे होते. तो आजार नव्हता. लाजेने मी दवाखान्यात खोटं बोललो, बिबा लावला आणि जळालो. भावाने विचारलं तेव्हा गप्प राहून एका बाईला मार खाऊ घातला. तिला आजार असता तरी कुणालाही तिच्या अंगाला हात लावायचा हक्क नव्हता. खाली नाव, माझं, पूर्ण.

आधी हसू फुटलं. मग शिट्ट्या. एक टमाटर गालावर फुटला. मागून दगड आला आणि कपाळ फुटलं. त्या दगडाने मला बिब्यापेक्षा कमी दुखलं, हे खरं सांगतो. भाऊ मिरचीवाल्याजवळ उभा होता. त्याने दगड मारला नाही. अडवलाही नाही.

तेवढ्यात रंजनाबाई ऑटोत चढल्या आणि माझ्या हातातून माईक घेतला. दात नसल्याने शब्द फसफसत होते. "आजच्या नाटकात माही म्हातारी पाहाले या. हसाचं असन तं तिकीट काढून हसा."

दोन दिवसांनी कामाच्या वेळी एक माणूस छापखान्यात आला. वय चाळीस, गळ्यात दुपट्टा. काही छापायचं नव्हतं. यंत्राकडे पाहत हळूच म्हणाला, "भाऊ, ते गडचिरोलीची डॉक्टरीन बाई कोनत्या दिवशी बसते?"

"आज बसते," म्हणत मी यंत्र बंद केलं, दुकानाला कुलूप लावलं आणि त्याच्यासोबत निघालो. गडचिरोलीच्या दवाखान्यात चिठ्ठीच्या खिडकीपाशी तो अडखळला, तेव्हा मागची रांग ऐकेल एवढ्या आवाजात मी म्हणालो, "गुप्तांगाची तपासणी करायची आहे. माझी झाली, आता यांची."