वास्तूला आलेली गाय

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहत होतो, तवा दुधाची पावडर पोत्यानं यायची. पाण्यात कालवायची अन् लेकरांना दूध म्हणून द्यायची. माझ्या लेकाला ती मी कधी पाजू दिली न्हाई. आमची देवणी गाय होती. कडबा खायची, बांधावरचं गवत खायची, सरकारकडं काही मागायची न्हाई. माझ्यासारखीच.

तोच लेक पुढं लातुरात क्लासवाल्या गल्लीत घर बांधून शिकणाऱ्या पोरींना खोल्या भाड्यानं देऊ लागला. त्या गाईची नात मी मागच्या अंगणात आणून बांधली. घरच्याच मेसमधली भाजीची देठं अन् उरल्या भाकरी तिच्या पोटात, तिचं दूध पोरींच्या चहात, शेण चाकूरच्या आमच्या रानात अन् रानातली ज्वारी परत मेसमध्ये. जगाचं पोट कसं भरावं म्हणून माणसं सभा घेतात म्हणे. मला कुणी बोलावलं न्हाई. बोलावलं असतं तर गाय घेऊनच गेलो असतो.

लेक म्हणाला, "अण्णा, गोठ्याच्या जागेवर एक खोली निघती. गाय काकाकडं चाकूरला धाडू."

"मग मलाबी धाड."

"तुमाला भाऊजी ठेवून घेणार न्हाईत," माझी मालकीण आतून बोलली.

गाय गेली. मी हट्टानं काळा चहा पीत राहिलो. गोठ्यावर खोली उठली. चकचकीत फरशी, निळा रंग, वर पंखा.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मालकिणीनं विचारलं, "आत पहिलं पाऊल गाईचं लागतं. गाय कुठाय?"

लेक गल्लोगल्ली हिंडला. क्लास पावलापावलाला, गाय एक न्हाई. शेवटी त्यानं चाकूरला टेम्पो धाडला. मी मिशीला पीळ देत बसलो.

सकाळी मालकिणीनं गाईच्या पायावर पाणी घातलं, हळदीकुंकू लावलं. गाय डौलात आत शिरली. फरशी हुंगली, पंख्याखाली आपली जुनी जागा धरली अन् पाय मोडून बसली. रवंथ सुरू.

"अण्णा, उठवा हिला. गुरुजी खोळंबलेत."

"धाडताना माझं ऐकलंस का? आता तूच उठव."

त्यानं काठी उचलली, तशी मालकीण आडवी आली. "वास्तूच्या दिवशी लक्ष्मीला काठी? लावून तर बघ!"

गुरुजींनी तिच्या पुढ्यातच पूजा उरकली. नव्या खोलीत राहायला आलेल्या पोरी बॅगा घेऊन दारात हसत उभ्या.

"आजोबा, हिची बॅच कोणती?"

"हिला क्लास लागत न्हाई."

पोरींनी शेवटी बॅगा उचलल्या अन् माडीवरच्या मैत्रिणींच्या खोल्यांत दाटीवाटीनं शिरल्या. दुपार कलली, गाय काही हलेना. लेक बाहेर गेला. परत आला तो खांद्यावर कडब्याची पेंढी घेऊन. ती त्यानं नव्या फरशीवर आदळली.

"पंखा तेवढा बंद ठेवा," म्हणाला.

मी हाव म्हणालो. उन्हाळ्यात लावतो.