संदुकीतली वेणी

कलिपा आपाच्या घरात केस कधी केरात गेला नाही. कंगव्यात गुंतलेलाही सोडवून ती पुरचुंडीत ठेवी. नारीनच्या डोंगरातल्या सगळ्याच म्हाताऱ्या ठेवतात, मेल्यावर सोबत मातीत जावेत म्हणून. आपाला मात्र धास्तीच होती. तिच्या भावाला फौजेत नेलं, तिथल्या न्हाव्याने त्याचे केस भादरून झाडूने लोटले, आणि भाऊ अफगाणिस्तानातल्या लढाईतून जस्ताच्या शवपेटीत परत आला. परक्याच्या हाती केस म्हणजे परक्याच्या हाती जीव, हे तेव्हापासून तिच्या डोक्यात घट्ट बसलं. लोकरीचे नमदे लाटून लाटून कंबर मोडली, पण हा हट्ट काही मोडला नाही.

मुलगी झाझगुल मॉस्कोला भांडी घासायला गेली आणि नात मीरिम आपापाशी राहिली. काही महिन्यांत पोरीचं बोलणं बंद झालं. अंथरूण ओलं होऊ लागलं. बाही चावून चावून तिने चिंध्या केल्या.

"जिन लागलाय पोरीला," शेजारीण म्हणाली.

"तुझ्या जिभेला लागलाय तो आधी उतरव!" आपा कडाडली. पण मुल्लाचे ताईत बांधून झालेच होते.

मग गावातली नर्स बुरुल आली. आईबाप परदेशी गेलेल्या मुलांची तपासणी होती. मनावरचा ताण केसांत साठतो म्हणे. ज्याच्या केसांत तो जास्त निघेल, त्याच्यावर शहरातली मुलांची डॉक्टरीण फुकट इलाज करणार. जागा मोजक्याच.

"कात्री बघून ही किंचाळते, आपा. झोपेत तुम्हीच कापा. मानेवरचे, अगदी मुळाशी."

"आणि ते नेऊन करणार काय?"

"खाणार! अहो, यंत्रात घालणार."

आपा पोरीच्या उशाशी कात्री घेऊन बसली. हात पुढे जाईना. शेवटी तिने संदूक उघडली. झाझगुलने घरी असताना नवरोजच्या सणाआधी पोरीची वेणी खांद्याशी कापली होती. ती तिथे रुमालात होती. डोक्यापासून सुटलेली, म्हणजे जिवाला धोका नाही. पोर तीच, केस तिचेच. आपाने त्यातली बट बुरुलला दिली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाली.

निकाल सांगायला दोघींना शहरात बोलावलं. तिथे केस तपासणाऱ्या तरुण डॉक्टरने कागदावरून मान वर केली नाही. समोर मीरिम बाही चावत बसली होती.

"मुलगी ठणठणीत आहे. ताण जवळपास नाहीच. तुम्ही उगाच काळजी करता, आपा."

"अरे, तिच्याकडे बघ तरी! वर्ष झालं, बोलली नाही पोर."

"केस खोटं बोलत नाहीत. महिन्याला बोटाच्या नखाएवढा केस वाढतो, त्या महिन्यात भोगलेलं त्यात राहतं. म्हणून तर मुळाशी कापायला सांगतो."

वेणीतले महिने कोणते, ते आपाला कोणी सांगायला नको होतं. तेव्हा झाझगुल रोज सकाळी चुलीपाशी पोरीचे केस विंचरायची, आणि पोर एवढी बडबडायची की आपाच ओरडायची, गप बस गं जरा!

तिने सगळं कबूल केलं. पोरीची मान पुढे वाकवली. "काप. आत्ता काप. मुळाशी काप!"

डॉक्टर ओशाळला, पण म्हणाला, "जागा भरल्या, आपा. पुढच्या वेळचं माझ्या हातात नाही." डोळ्यांपुढे बसलेल्या पोरीपेक्षा त्याला कागद खरा वाटला होता, आणि आता त्यावरचा निकाल फिरवणंही त्याला जमेना. लाज वाटून काय उपयोग!

आपा उठली. दारापर्यंत जाऊन परत फिरली.

"मग ते केस तरी परत दे, बाळा. तिची आई होती तेव्हाचे आहेत ते."

"ते नाहीत आता," तो म्हणाला. "केस दळल्याशिवाय ताण मोजता येत नाही."