उजव्या हातातला बेल

सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये बसवंतराव मुकादम आत आले, की बाया न सांगता पदर खोचायच्या. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात शर्टाच्या आत इष्टलिंगाची चांदीची डबी आणि जिभेवर कायम कुणाचा तरी उद्धार.

"त्रिवेणी, वेणी आत घाल. मशीनला तुझी वेणी लय आवडती."

"मुकादम, मशीनला तरी आवडती. घरी कुणी बघत न्हाई."

बाया हसायच्या. मुकादम हसायचे नाहीत.

आदल्या हंगामात दोघींचे हात रोलरमध्ये गेले होते. भरपाई द्यावी लागली, वर विम्याचा हप्ताही वाढला. मालकाचा मुलगा जीवनशेठ पुण्याहून शिकून आला होता. त्यानं बसवंतरावांना केबिनमध्ये बसवून चहा पाजला.

"मुकादम, शिस्त लावा. मशीन बंद केल्याशिवाय आत हात घालायचा नाही. सगळ्यांकडून लिहून घेऊ."

"लिहून काय व्हतंय शेठ? अंगठा कुणीबी देतंय. मी बेल उचलायला लावून आन घेतो. मग कुणाची छाती न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. मशीन चालू व्हायच्या आधी अंगणात रांग, प्रत्येकीच्या उजव्या हातात बेलाचं पान, बसवंतरावांच्याही. बसवंतराव सांगायचे आणि मागून सगळ्या म्हणायच्या, "महादेवाची आन, मशीन बंद केल्याबिगर हात घालनार न्हाई."

सुरुवातीला सगळं खरंच नीट चाललं. कापूस अडकला की मशीनचालक दत्ता बटण दाबायचा, मशीन थांबायचं, मग अडकलेला कापूस काढायचा. बोटं शाबूत राहिली. मग जीवनशेठनं पुन्हा बोलावलं. या वेळी चहा नव्हता.

"रुईच्या गाठी कमी का पडायल्यात?"

"घडीघडी मशीन बंद करावं लागतंय."

"मग करा ना बंद. पण गाठी कमी पडायला नकोत."

"दोन्ही कसं व्हईल शेठ?"

"मुकादम कोण आहे, मी का तुम्ही?"

बसवंतरावांनी चालू मशीनमध्ये हात घाला असं कुणालाच सांगितलं नाही. ते फक्त दिवसभर मागे उभे राहून ओरडायचे, "हात चालवा." बायांना कळलं. दत्ताचं बटण दिवसदिवस दाबलं जाईना.

कमलबाईची बोटं गेली तेव्हा पांढऱ्या रुईवर लाल धार उठली. दत्तानं मशीन बंद केलं. बसवंतरावांनी स्वतःचा धुतलेला पंचा तिच्या हाताला गुंडाळला, तोंडाला पाणी लावलं आणि वाकून हळूच म्हणाले,

"कमलबाई, सकाळी बेल उचलला होता तुमी."

"तुमीच वरडायलता ना, हात चालवा म्हनून."

"मशीनमदी घाला म्हनलो का? महादेवाची आन मोडली म्हनून साऱ्या सेलूला सांगनार का आता?"

कमलबाईचा एक पोरगा आधीच तापानं गेला होता. दुसरा तेवढा राहिला होता, त्याच्यावर महादेवाचा कोप तिला नको होता. आण मोडल्याचं तिनं तोंडानं कबूल केलं नाही. दवाखान्यात म्हणाली, "घरी कडबाकुट्टीत गेली." तिच्या दारात कडबा खायला शेळीसुद्धा नव्हती.

नंतर आणखी एकीचं मनगट गेलं. तीही घरच्या कडबाकुट्टीत. हंगाम संपताना भरपाईचा एकही दावा नव्हता. जीवनशेठनं शाल-नारळ देऊन बसवंतरावांचा सत्कार केला. "याला म्हणतात शिस्त," तो माईकवर म्हणाला. कमलबाई काम मागायला गेटवर उभी होती. वॉचमननं तिच्या हाताकडे बघून गेट लावून घेतलं.

पुढच्या हंगामात कापसाची वाहनं रस्त्यापर्यंत खोळंबली होती आणि एक मशीन अडलं. शेठ बघत होता.

"बंद करू का?" दत्तानं विचारलं.

"कशाला? आत्ता निघतंय," म्हणत बसवंतरावांनी डावा हात घातला.

परभणीच्या दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा अंगठा तेवढा राहिला होता. पायाशी बायको चन्नबसम्मा बसली होती. जीवनशेठ केळी घेऊन आला.

"मुकादम, घरी कडबाकुट्टी आहे ना?"

"आमच्यात जनावर न्हाई शेठ."

"कमलबाईच्यात कुठं होतं?"

चन्नबसम्मा उठली. "अवो, खरं सांगा. तुमी सांगितलं तर त्या दोघींचं बी खरं भायेर यील. भरपाई मिळंल त्यांना."

"सांगा की," जीवनशेठ एक केळं सोलत म्हणाला. "पण मग बेल हातात घेऊन खोटं बोललात, हेही सांगा. त्याच बायांसमोर."

डॉक्टर आले तेव्हा बसवंतराव म्हणाले, "कडबाकुट्टीत गेली."

लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची असते. घरी आल्यावर ते तळव्यावर ठरेना, घरंगळायचं. मग चन्नबसम्मा रोज आपला तळहात पुढे करायची आणि ते उजव्या हातानं त्यावर पाणी घालायचे.

कमलबाई एकदा दारावरून जाताना थांबली. "मुकादम, नवी कुट्टी घेतली म्हनं. आमची न्यायची होती की. रिकामीच पडून हाय."

जखम भरली तसा शेठचा फोन आला. "उद्यापासून या. शपथ बंद पडलीय, बाया मोकाट सुटल्यात."

"शेठ, माझा हात..."

"उजवा आहे ना? बेल उजव्यानंच उचलतात."

सकाळी आंघोळ करून ते पाटावर बसले. चन्नबसम्मानं तळहात पुढे केला, त्यांनी त्यावर लिंग ठेवलं.

"आज जायलात?"

"हं."

तिनं लिंग उचललं, पुसून डबीत घातलं आणि डबी त्यांच्या गळ्यात अडकवली. "मग ही पूजा राहू द्या. तिकडं जाऊनच उचला काय उचलायचं ते."

अंगणात रांग लागली होती. कमलबाईच्या जागी तिचा राहिलेला पोरगा उभा होता, हातात बेलाचं पान घेऊन. बसवंतरावांनी डावा हात शर्टात लपवला, उजवा वर केला. सगळ्यांनी मागून म्हटलं. दत्तानं मशीन चालू केलं.

"हात चालवा," बसवंतराव ओरडले.