वडिलांच्या नावाचा रकाना

ऑफिस म्हटलं की किस्से आलेच. पण आमच्याकडे ते जरा जास्तच साचतात, कारण आमचा धंदाच मेलेल्या माणसांचा! दचकू नका. वागळे इस्टेटमध्ये, एका बंद पडलेल्या बिस्किटांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर बसून आम्ही अमेरिकन लोकांच्या वंशावळी भरतो. तिकडून जुन्या कागदांचे स्कॅन येतात, फ्रेंच असेल तर इंग्रजी करून येतं, आणि कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची बायको, ते आम्ही कॉम्प्युटरच्या रकान्यांत टाकत बसतो.

माझ्यासाठी स्थळं आणणाऱ्या एका काकांनी एकदा विचारलं, "तू नक्की करतेस काय गं तिथे?"

मी म्हटलं, "दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्यांची लग्नं लावते."

तेव्हापासून स्थळं यायची बंद झाली! असो. सुटले.

*

सध्याचे क्लायंट म्हणजे लुइझियानाचे वालमोर. फ्रान्समधून यांचा मूळपुरुष आला, राजाने त्याला नदीकाठची जमीन दिली, त्याने आधी नीळ लावली, मग ऊस. राबायला गुलाम. आपल्याकडच्या खोतांसारखंच प्रकरण, फक्त नदी मोठी आणि पाप त्याहून मोठं.

पहिल्या दिवशी मी टीमला हे सगळं समजावून सांगत होते. आमचे म्हात्रे म्हणजे इथलेच, आगरी. स्कॅनिंग बघतात. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, राजानं दिली म्हंजे? राजाच्या बापाची व्हती काय ती जागा? आदी तिथं कोन व्हता?"

मी शीट बघितली. "त्याचा रकाना नाहीये, म्हात्रे."

"नसनारच," म्हात्रे म्हणाले. "आमच्या भातशेतीवर पन आता टॉवर हाय. तिथं गेलो तर वॉचमन इचारतो, कुनाकडं जायचाय?"

*

प्राची तेव्हा नवीन होती. वर्तकनगरची, चुणचुणीत, तोंडाने फटकळ. तिला मी वालमोरांच्या मूळपुरुषाच्या मृत्यूनंतर केलेली घरातल्या चीजवस्तूंची मोजदाद दिली. ती मोठ्याने वाचत होती.

"उसाचा रस आटवायच्या काहिली. बैलजोडी. क्लेमांस नावाची बाई, धुणं आणि स्वयंपाक येतो. तिची मुलगी, चार वर्षांची, रंग उजळ. दोन खेचरं, एक म्हातारं..." आणि ती थांबली. "मॅडम, ह्या दोघींना कुठे टाकू? माणसांच्या शीटमध्ये की मालमत्तेच्या?"

मी बापट सरांना विचारलं. सर आमचे मालक. डोंबिवलीचे, सज्जन माणूस, मराठी एकदम शुद्ध. ते म्हणाले, "क्लायंटने मालमत्ता असंच कळवलेलं आहे."

प्राचीने क्लेमांसला काहिलींच्या खाली टाकलं. मग चार वर्षांच्या पोरीला टाकलं, खेचरांच्या वर. मग वॉशरूममध्ये गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी बाहेरून दार वाजवलं, तर आतून आवाज आला, "मॅडम, दो मिनिट. मैं ठीक हूँ."

ठीक कसली! मलाही त्या दिवशी डबा गेला नाही.

*

आता शिगवणांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

शिगवण आमचे क्वालिटी चेकर. पन्नाशी उलटलेली, बोलणं कमी. ते आणि बापट सर एकाच गावचे, कोकणातले. सर तिथल्या खोतांच्या घरातले, शिगवण तिथल्या कुणब्यांतले. आणि दोघं दिसायला... काय सांगू! तेच धारदार नाक, तेच घारे डोळे, विचार करताना कानाची पाळी ओढायची सवयसुद्धा तीच. कुरियरवाला दर महिन्याला शिगवणांसमोर सरांचं पार्सल ठेवून सही मागतो.

एकदा व्हिडिओ कॉलवर सर आणि शिगवण शेजारी बसलेले. वालमोरांचा आत्ताचा वारस, चार्ल्स, म्हणाला, "अरे वा, तुम्ही भाऊ आहात हे सांगितलं नाहीत!"

सर हसले. "नाही नाही. एकाच गावचं पाणी!"

शिगवण कानाची पाळी ओढत बसले.

खरी गोष्ट मला शिगवणांनी एकदाच सांगितली, तीही घरी जाताना, रिक्षाच्या रांगेत. त्यांची आजी खोतांकडे राबायला होती. आजोबा मुंबईला गिरणीत गेले ते परत आलेच नाहीत. ते गेल्यावर काही वर्षांनी आजीला मुलगा झाला, घाऱ्या डोळ्यांचा. तो मुलगा म्हणजे शिगवणांचे वडील, आबा. गावात सगळ्यांना माहीत, पण बोलायची कुणाची टाप? आबांना खोतांच्या पडवीच्या पुढे कधी कुणी घेतलं नाही. आता आबा नव्वदीचे, डोंबिवलीत मुलाकडे अंथरुणाला खिळलेले. आणि सध्या त्यांनी एकच हट्ट धरलेला.

कारण बापट सर आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत होते, आणि आबांना त्यात आपलं नाव हवं होतं.

*

कुलवृत्तांत म्हणजे सरांचा जीव की प्राण! पहिल्या पुरुषापासून आजच्या नातवापर्यंत सगळी झाडं, शाखा. दुपारी चहाला बसले की तेच. "आमची शाखा अगदी सरळ. आजोबांना एकच मुलगा, ते माझे वडील. वडिलांना एकच मुलगा, तो मी. गुंतागुंत नाही!"

शिगवण शेजारीच चहा पीत असायचे.

ह्या विषयावर सर आणि चार्ल्स यांची गट्टी जमलेली. चार्ल्सच्या मागे तिकडे एक कटकट लागलेली होती. वालमोरांच्या जुन्या हवेलीत घराण्याचं संमेलन व्हायचं होतं, आणि गुलामांच्या वंशजांनी कळवलेलं की आम्हीही वालमोरच आहोत, आम्हीही येणार. तो कॉलवर वैतागून म्हणाला, "तुमच्याकडे कसं ठरवता हो, कोण घरातला आणि कोण बाहेरचा?"

सर खुलले. "फार सोपं आहे! आमच्याकडे माणूस गेला की कळतं. ज्यांना त्याचं सुतक लागतं ते घरातले. दहा दिवस पूजा नाही, देवळात जाणं नाही."

"आणि त्या माणसाशी भांडण असेल तर?"

"भांडण असो, कोर्टात केस असो, तोंड बघत नसो. सुतक लागतंच. त्याला इलाज नाही!"

चार्ल्सने ते लिहून घेतलं बहुतेक. आम्ही सगळे हसलो.

*

मग झाला तो वडिलांच्या नावाचा घोळ.

चार्ल्सला कुणीतरी सांगितलं की जमाना बदललाय, गुलामांना मालमत्तेत ठेवणं बरं दिसत नाही. तेव्हा सगळ्यांना उचलून माणसांच्या शीटमध्ये घाला. प्राचीला कोण आनंद! ती कामाला भिडली. पण माणसांच्या शीटमध्ये वडिलांचं नाव भरल्याशिवाय पुढचा रकाना उघडत नाही. प्राचीने मागचापुढचा विचार न करता, आपण शाळेच्या दाखल्यापासून गॅसच्या कनेक्शनपर्यंत जे करतो तेच केलं. मुलाचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. कागदावर बाप कुठेच लिहिलेला नव्हता, म्हणून तिने घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव घातलं. क्लेमांसच्या मुलीला, आणि वाडीवरच्या यच्चयावत पोरांना!

फाईल गेली. संध्याकाळच्या कॉलला चार्ल्स लालबुंद. "तुम्ही माझ्या पूर्वजाला ह्या सगळ्यांचा बाप करून ठेवलंय!"

सरांनी सॉरी म्हणून म्हणून तोंड कोरडं केलं. कॉल संपल्यावर प्राचीला बोलावलं. ती म्हणाली, "सर, आपल्याकडे बापाचं नाव नसेल तर फॉर्म पुढे जातच नाही ना. मला वाटलं, ज्याचं घर त्याचं नाव."

सरांनी मान शिगवणांकडे वळवली. "शिगवण, तुम्ही हे तपासलं नाहीत?"

"तपासलं, सर."

"मग?"

"मला बरोबर वाटलं."

शेजारच्या वर्कशॉपचं लेथ मशीन तेवढं ऐकू येत होतं. सरांनी समोरचा लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "सगळीकडे 'अज्ञात' करा."

प्राचीने दोन दिवस तेच केलं. अज्ञात, अज्ञात, अज्ञात. क्लेमांसची मुलगीही अज्ञाताची झाली. संमेलनाला ते लोक आले की नाही, हे चार्ल्सने आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि विचारायची आमची हिंमत झाली नाही.

*

सरांचा कुलवृत्तांत छापून आला. डोंबिवलीत हॉल घेऊन प्रकाशन, शाल, श्रीफळ, मसालेभात, जिलेबी. ऑफिसात प्रत्येकाला एक प्रत. प्राचीने तिथल्या तिथे पानं चाळली. तिच्या जिभेला हाड नाही.

"सर, तुमच्यात एकपण अज्ञात नाही?"

"आमच्याकडे सगळं स्वच्छ आहे," सर म्हणाले.

शिगवणांनी आपली प्रत पिशवीत टाकली. मीही डोंबिवलीचीच, आबांना बघायला जायचं कधीचं राहिलेलं, म्हणून त्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर गेले. आबा खाटेवर, नुसती हाडं, पण डोळे लख्ख घारे. पिशवीचा आवाज आल्याबरोबर मान उचलली.

"खोतांचा बूक आला काय रं?"

"आला, आबा."

"मी हाय काय त्यात?"

शिगवणांनी पुस्तक उघडलं. सरांच्या शाखेचं पान त्यांनी ऑफिसातच बघितलेलं, मी बघितलेलं त्यांना बघताना. ते म्हणाले, "मोठं आहे, आबा. अजून तुमच्या पानापर्यंत पोचलो नाही."

आबा मला म्हणाले, "मना जमीन नको, वाडी नको. एकदा मेल्यांनी आपला म्हनला पायजे, बास."

पुढे शिगवणांच्या बायकोकडून कळलं, रोज संध्याकाळी तेच चालायचं. शिगवण पुस्तक घेऊन शेजारी बसायचे आणि तिसऱ्याच शाखेतली नावं वाचून दाखवायचे. आबा ऐकता ऐकता झोपी जायचे. नव्वदीच्या माणसाला असं झुलवत ठेवायचं म्हणजे... माझं डोकंच फिरलं. मी दुसऱ्या दिवशी सरळ केबिनमध्ये गेले.

"सर, आबांना एकदा भेटून या. तुमच्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. काही बोलू नका, नुसते जाऊन बसा."

सर कागद नीट करत राहिले. मग कानाची पाळी ओढली. "बघतो. वेळ मिळाला की."

वेळ काही मिळाला नाही. नवरात्र बसलं, आणि तिसऱ्या-चौथ्या माळेला आबा गेले. पुस्तक उशाशीच होतं म्हणे. मी स्मशानात जाऊन आले, म्हात्रे आले, प्राची आली. सर आले नाहीत. मी इतकी चिडलेले की दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. वागळे इस्टेटमध्ये कुठेही जा, त्या दिवशी लेथ मशीनपासून लिफ्टपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात झेंडू! आमच्याकडे पूजा सरच करतात. सोवळं नेसून, खणखणीत मंत्र म्हणून, स्कॅनरला हळदकुंकू लावून. एवढ्या वर्षांत एकदाही चुकलेलं नाही, ताप अंगात असतानासुद्धा आलेले.

यंदा शिगवण गावाला गेलेले, दिवस करायला. त्यांची खुर्ची रिकामी. प्राचीने स्कॅनरना हार घातले, ताट मांडलं, पेढे ठेवले आणि सरांना हाक मारायला गेली. सर केबिनच्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्यापाशीच थांबले. साधा शर्ट. दाढी वाढलेली. सरांची दाढी वाढलेली आम्ही कुणी कधी बघितली नव्हती.

"म्हात्रे, यंदा तुम्ही करा."

म्हात्रे घाबरले. "मी? सर, मला मंत्र कुठं येतात?"

"फुलं वाहा, नारळ फोडा. पुरे."

"पन तुम्ही...?"

"मला चालायचं नाही," सर म्हणाले. "सुतक आहे."

"अगबाई!" प्राची म्हणाली. "सॉरी सर, आम्हाला काहीच माहीत नाही. कोण गेलं?"

"काका."

"कुठे असायचे?"

"डोंबिवलीला," सर म्हणाले.