भुशात शोधलेलं बोट

हसायचं असंल तर चहा आधी खाली ठेवा, सांडंल. स्वतःची फजिती स्वतःच सांगून राह्यलो, म्हणजे बघा.

सत्तरच्या पुढचं साल असंल. मी आष्टीचा सुतार, मंठ्याला एका शेठच्या लाकडाच्या वखारीत कामाला. शेठनं मुंबईहून विजेचं मशीन आणलं, खिडकीच्या पट्ट्यांचे कोपरे तिरपे कापायचं. ताटाएवढं गोल पातं, सगळीकडून दात! शेठ म्हणाले, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला कोपरा तू काप. बराबर बसला तर मशीन तुझ्या ताब्यात, न्हाई तर जालन्याहून दुसरा मिस्त्री आणतो. म्हणजे मी परत आष्टीला, शेतकऱ्यांची वखरं-पाभरी ठोकायला.

शिकवायला एक फिटर आल्ता. ही मूठ, हे बटण, ही कोन बदलायची फिरती बैठक, ही मागची पट्टी, लाकूड हिला टेकवायचं. हा शिकंजा, हे झाकण, हे पातं. अन् पातं कायम कोरडं ठेवायचं, असंही म्हणाला म्हणे. माझं ध्यान कुठं होतं? त्याच्या डाव्या हाताकडं. चारच बोटं! तीनदा मोजली, चारच. शिकवणाऱ्याची ही गत, मंग आपलं काय?

समजलं का, त्यानं विचारलं. बिलकुल, मी म्हणालो.

सात भागांची नावं तेवढी जाता-येता घोकली. बायको म्हणाली, दहा बोटं घेऊन चाललात, दहाच घेऊन या. झोप उडाली माझी.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. शेठनी मशीनला कुंकवाचं एक बोट लावलं, नारळ फोडला. सगळे खोबरं घेऊन गेले, मी मागं राह्यलो. एवढ्याशा कुंकवानं ही बया काय प्रसन्न होणार? वाटीभर कुंकू गोड्या तेलात कालवलं अन् पात्याच्या दाता-दाताला थापलं. वरून झाकण, कोणाला दिसणार?

हात जोडून म्हणालो, "माय, माझं एक बी बोट घेऊ नको."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी वखार भोवती जमली. पट्टी शिकंज्यात आवळली, बटण दाबलं. पातं असं किंचाळलं की माझे डोळे आपोआप मिटले. तशीच मूठ खाली दाबली. तोंडावर काहीतरी ओलं उडालं. बटण सोडून डोळे उघडले तर डावा हात लालभडक!

"गेलं," मी म्हणालो, "माझं बोट गेलं."

हाताची मूठ आवळली अन् खालीच बसलो. शेठ पांढरेफटक. माणसं भुसा चाळून राह्यली. एकानं तर लाकडाची ढलपी रुमालात बांधून आणली, हेच असंल म्हणाला. शेठच्या जीपमधून दवाखान्यात निघालो. शेठनं विचारलं, दुखतंय का रे? मी म्हणालो, मोठ्या जखमेला दुखत न्हाई म्हणतात. खरंच सांगतो, आष्टीची वाट डोळ्यापुढं दिसून राह्यली होती.

डॉक्टर म्हणाले, मूठ उघडा. मी कुठला उघडतो? कोणतं बोट गेलंय, त्यांनी विचारलं. म्हटलं, बघायची हिंमत झाली न्हाई. मंग त्यांनीच एकेक बोट सोडवलं, मोजत मोजत. पाच निघाली. हाताचा वास घेतला अन् म्हणाले, "मिस्त्री, हे कुंकू आहे. गोड्या तेलातलं."

ती ढलपी शेठच्या हातातच होती.

वखारीत आल्यावर शेठनं कापलेला कोपरा दुसऱ्या पट्टीला लावून पाह्यला. केसाची फट न्हाई! मंग मला समोर उभं करून मशीनचे भाग विचारले. मी सातच्या सात न चुकता सांगितले.

शेठ म्हणाले, "मशीन तुझं. सात भाग तोंडपाठ आहेत तुला. फक्त पाचापर्यंत मोजायचं असलं की डॉक्टरकडं जात जा."