रविवारी नवरी

विद्यापीठातल्या पहिल्याच तासाला मी प्राध्यापिकेला ‘बाई’ म्हणाले आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. आमच्याकडे पहिलीपासून शिकवणारी ती बाई. सुरतेत बाई म्हणजे भांडी घासायला येते ती. शिकवणारीला ‘बेन’ म्हणायचं. शेजारच्या मुलीने हे मला हसू दाबत सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्या दिवशी मी कानाला खडा लावला, की या लोकांना पुन्हा एकाही शब्दाचा अर्थ विचारायचा नाही. माझ्या या ताठ्यानेच पुढचं सगळं घडलं.

नव्वदीची सुरुवात होती. बी.ए. होईपर्यंत मी अमळनेरला मामांकडे राहिले, शिकले ते सगळं मराठीतून. आई-वडील मात्र सुरतेत, भेस्तानला. वडील लूमच्या कारखान्यात कापड विणायचे. त्याला तिथे खातं म्हणतात. गुजराती त्यांना येत होतं ते शेठच्या शिव्या आणि हुकूम एवढंच. एम.ए.साठी मी हट्टाने सुरतेचं विद्यापीठ धरलं तेव्हा त्यांनी एकच सांगितलं: जमत असेल तर शीक, नसेल जमत तर वर्ष वाया घालवू नकोस, स्थळं येताहेत.

आणि जमत नव्हतं. समाजशास्त्राची व्याख्यानं गुजरातीत, तीही धो धो. कानावर पडेल ते मी देवनागरीत उतरवून घ्यायचे आणि घरी वाचायला बसले की काय लिहिलंय ते माझं मलाच कळायचं नाही. हे घरात बोलायची सोय नव्हती. बोललं की लग्न.

दिवाळीनंतर कडोदऱ्याचं स्थळ आलंच. रविवारी दुपारी नवरी बघायला येतो, असा निरोप. मी दोन दिवस घरातच बसले. मग गुपचूप शटल रिक्षात बसून विद्यापीठात गेले, निदान शनिवारपर्यंत तरी आपण विद्यार्थिनी आहोत म्हणून.

तास संपल्यावर त्या पहिल्या तासाच्या बेननी मला व्हरांड्यात गाठलं. खादीची साडी, खांद्याला पिशवी, बोलणं तुटक. माझ्याकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, “तुं रविवारे नवरी छे?”

रविवारचं यांना कुणी सांगितलं? भेस्तानच्या गल्लीतली बातमी विद्यापीठात पोचली कशी? कसंबसं म्हटलं, “ना बेन. हजी ना.” म्हणजे, अजून नाही.

“तो बीजा रविवारे?”

पुढच्या रविवारी? बघायला यायच्या आत यांनी माझा मुहूर्तसुद्धा धरला! मी जोरजोरात मान हलवली. त्यावर बेन वैतागल्याच. “कोई वार नवरी थईश के नहीं?”

कधीतरी नवरी होणार आहेस की नाही! एवढी शिकलेली बाई आणि तिलाही माझ्या लग्नाचीच घाई. संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उत्तर न देता मी तिथून निघाले आणि उरलेला आठवडा विद्यापीठाचं तोंड पाहिलं नाही. मनात म्हटलं, घरचे परवडले, ते निदान आडून विचारत नाहीत.

रविवारी कडोदऱ्याचे पाहुणे आले. आईची मोरपंखी साडी नेसवून मला पोह्यांच्या बश्या घेऊन पुढे केलं. नवरा मुलगा खाली मान घालून बसला होता. सगळं बोलत होते ते त्याचे काका. पोहे खाता खाता त्यांनी वडिलांना सरळच विचारलं, “कालेज बंद करशात ना मंग?”

वडील बशीतले पोहे चिवडत राहिले. एवढ्यात बाहेर लुनाची फटफट थांबली आणि आई दाराशी गेली.

“छोकरी नवरी छे?” बाहेरून आवाज आला. तो आवाज बेनचा होता.

“नई वं माय, आजून नई,” आई घाईघाईने म्हणाली. “पाव्हना मझार बठेल शेतस.” पाहुणे आत बसलेत, असं. आणि मागे वळून तिने आम्हाला मोठ्याने सांगितलं, “कालेजनी बाई शे. ईचारस, पोर नवरी शे का.”

काकांचा घास हातातच राहिला. “दुसरं स्थळ बी चालू शे का काय?”

बेन आत आल्या. मोरपंखी साडी, पोहे, पाहुणे बघून त्याही क्षणभर गांगरल्या. मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलल्या. जी मुलं गुजरातीतून शिकलेली नाहीत, कुणी डांगमधली, कुणी ओरिसाची, त्यांच्यासाठी विभाग दर रविवारी सकाळी वेगळा वर्ग घेतो. तीच व्याख्यानं हिंदीत, सावकाश. “तुमची मुलगी वर्गात काही समजत नसताना नुसती लिहीत बसते, ते मला दिसतं. रविवारी नवरी आहे का विचारलं की ना म्हणते. आता तर यायचीच बंद झाली, म्हणून पत्ता काढून आले.”

वडील एकदम हसले. पाहुण्यांसमोर असं मोठ्याने हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे वळून म्हणाले, “येडी! नवरी म्हंजे रिकामी. लूमवर जरा टेकलो का शेठ दिनभर तेच वरडस, नवरो बेठो छे?”

रिकामी! व्हरांड्यातलं बेनचं एकेक वाक्य मला पुन्हा ऐकू आलं आणि त्यातलं प्रत्येक वाक्य उलटं झालं. ज्या दाराची मी वाट बघत होते, ते ही बाई माझ्यासाठी उघडून उभी होती आणि मी दोनदा नाही म्हणून वर पाठ फिरवून निघाले होते. मला रडू की हसू, कळेना.

“पन मी ईचारं त्यानं काय?” काका म्हणाले. “पोरनं कालेज?”

वडिलांचं हसू थांबलं. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि उत्तर दिलं ते बेनना, त्यांच्या त्या लूमवरच्या गुजरातीत.

“हा बेन. छोकरी नवरी छे. दर रविवारे.”

काकांनी बशी खाली ठेवली. पाहुणे उठले, आई त्यांच्या मागे विनवत गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. वडिलांनी न खाल्लेली एक बशी बेनच्या पुढे सरकवली आणि मला म्हणाले, “उभी काय? जाय, पुस्तक लई ये.”

माझा रविवारचा पहिला वर्ग आईच्या मोरपंखी साडीत झाला.