न ठेवलेला दाणा

भामाबाईला नकाशा वाचता येत नव्हता, पण कोयनेचं खोरं तिला पायांनी पाठ होतं. धरणाचं पाणी चढेपर्यंत तिनं त्या डोंगरांतून मोळ्या वाहिल्या होत्या. म्हणूनच पंच्याण्णवच्या दिवाळीत तिची नात नीलिमा पाचगणीहून इस्लामपूरजवळच्या धरणग्रस्तांच्या वस्तीत आली, ती थेट आजीसमोर नकाशा पसरूनच बसली. नीलिमा पाचगणीच्या एका शाळेत खेळ शिकवायची. नाताळच्या सुट्टीत तिला तिघी मैत्रिणींसोबत ट्रॅक्टरच्या ट्यूबांवर बांबू बांधून तापोळ्यापासून धरणापर्यंत तरंगत जायचं होतं. चार दिवस, तीन मुक्काम, दोन्ही अंगांना जंगल.

"आज्जे, मुक्काम कुठं टाकायचे ते तू सांग."

भामाबाईनं नकाशा बाजूला सारला आणि जमिनीवर ज्वारीचे दाणे मांडले. "ह्यो कातळ, हितं पैला मुक्काम. ह्या सोंडंवर दुसरा. हितला झरा उनाळ्यात बी आटत न्हाई." तिसऱ्या दिवसाच्या वाटेवर तिचा हात क्षणभर थांबला आणि एक जागा सोडून पुढं गेला. नीलिमानं दाण्यांबरहुकूम नकाशावर खुणा केल्या.

सोडलेली जागा देवराईची होती. तिच्या सावलीत पाय टाकायलाही भामाबाईच्या जातीतल्या माणसांना बंदी होती. छप्पन साली सासऱ्यांनी धम्म घेतला आणि घरात बजावलं, "आजपासनं त्या राईचं नाव ह्या घरात निघायचं न्हाई." चाळीस वर्षं निघालं नव्हतं. त्यांची ही सून, भामाबाई, हट्टी, दिल्या शब्दाला पक्की. शिवाय डिसेंबरात धरण भरलेलं, राई खोल बुडालेली. नाव घेतलं नाही म्हणून कुणाचं काय अडणार होतं?

अडलं. वनखात्याची परवानगी मिळाली ती थेट मे महिन्याची. नीलिमाचं कार्ड आलं तेव्हा भामाबाई भाकरी थापत होती आणि तिचा मुलगा राजाराम, म्हणजे नीलिमाचा बाप, उंबऱ्यात बसून वाचून दाखवत होता. 'शुक्रवारी सकाळी तापोळ्याहून निघतोय. पाणी खूप खाली गेलंय. वाट आजीनं सांगितली तीच.'

"राजा, आज वार कंचा?"

"बेस्तरवार. का गं?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी भामाबाईला वास आला नाही. पाणी चढायच्या आधी गावांनी आपापली झाडं तोडून विकली होती, पण राईला कुणी कुऱ्हाड लावली नव्हती. देवाचा कोप कोण ओढवून घेणार? म्हणजे ती अख्खी राई पाण्यात उभीच होती. मे महिन्याच्या पाण्यात तिचे वाळलेले, टोकदार शेंडे जेमतेम वीतभर खाली असणार, आणि त्यांच्यावरूनच पोरींच्या ट्यूबा जाणार. ट्यूब फाटली की त्या फांद्यांच्या जाळ्यातून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही निघणं कठीण.

दुपारच्या एसटीत बसल्यावर तिनं राजारामला सगळं सांगितलं. तो चिडला.

"आये, तवाच का न्हाई बोललीस?"

"मामंजींचा शबूद व्हता रं."

"आन् पोरीचा जीव?"

म्हातारीला वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त स्वतःचा राग येत होता. साताऱ्याची गाडी उशिरा लागली, महाबळेश्वरला पुढची गाडी नव्हती. शेवटी पहाटेच्या एका जीपमध्ये दोघं कोंबून बसली. घाटाच्या प्रत्येक वळणावर ती ड्रायव्हरला म्हणत होती, "हाण की रं लेकरा."

तापोळ्याला पोचली तेव्हा तराफा काठापासून वीस हात आत गेला होता. भामाबाई लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात शिरली. "नीले! मागं फिर!"

नीलिमा मागं फिरली. भामाबाईनं काहीही न लपवता सांगून टाकलं.

"मग नकाशावर दाखव की, कुठं हाय ती राई?" नीलिमानं विचारलं.

"डोंगर बघितल्याबिगर यायचं न्हाई सांगाया."

"मग जायचंच न्हाई," राजाराम म्हणाला. नीलिमाचा चेहरा उतरला. सहा महिने तिनं या परवानगीसाठी हेलपाटे घातले होते.

भामाबाईनं ओचा वर खोचला. "चूक म्या केलीया, निस्तरीन बी मीच. म्या येते." राजारामनं हात धरला, तो रागावला, विनवण्या करू लागला. पण बासष्ट वर्षांची म्हातारी तरंगायचं जाकीट घालून तराफ्याच्या पुढच्या टोकाला जाऊन बसलीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी तिचा जीव टांगणीला लागला. डोंगराचे दोन सुळके एका रेषेत आले, राईची हीच खूण, आणि तिनं हात वर केला. "वल्ही हळू. जुन्या नदीवरनं चला, नदीच्या पोटात झाड नसतंय." तेवढ्यात वाऱ्यानं तराफा डावीकडं रेटला. पुढच्या ट्यूबेपासून हातभर अंतरावर पाण्यातून एक काळा शेंडा वर आला होता, सुळासारखा.

भामाबाई पालथी पडली, हात लांबवला आणि तो शेंडा मुठीत धरला. जिच्या सावलीत जायची सोय नव्हती, त्या राईचा माथा आता तिच्या हातात होता. भिजलेलं, बुळबुळीत लाकूड. बाकी काही नव्हतं.

मग शेंड्याला दोन्ही तळवे टेकवून तिनं तराफा जोरानं मागं ढकलला.

"उजवीकडं घे, नीले," ती म्हणाली. "नदी तिकडं हाय."